डाळिंबाचा घोट

तळघरातला तो बार संध्याकाळी उघडायचा. दुपारी तिथे फक्त ती आणि तिची धाकटी बहीण असायच्या. खुर्च्या टेबलांवर उलट्या, हवेत ओल्या फरशीचा वास. दुसऱ्या दिवशी कॉकटेलची स्पर्धा होती. विषय, ग्रीक पुराणकथा. बाकीचे स्वर्गातल्या देवांच्या मागे लागणार हे तिनं ओळखलं होतं. म्हणून तिनं पाताळ निवडलं.

"पाताळाच्या राजानं एका मुलीला पळवलं," लिंबू पिळता पिळता ती सांगत होती. "तिच्या आईनं आकाशपाताळ एक केलं, तेव्हा कुठे सुटका झाली. पण पोरीनं तिथलं डाळिंब चाखलं होतं. तिथलं तोंडात घातलं की दरवर्षी परत जावंच लागतं."

"आणि तेच तू लोकांना पाजणार? धन्य आहे बाई तुझी!" हसत हसत बहीण मागच्या खोलीत बर्फ आणायला गेली.

जिन, डाळिंबाचा रस, लिंबू, आणि तिनं स्वतः केलेला भाजलेल्या बीटाचा पाक. तिनं चमचाभर चाखून पाहिलं. आधी गोड, मग आंबट, आणि शेवटी जिभेवर गार माती. तिची मान आपोआप ताठ झाली.

तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली. एकेक पायरी... सावकाश.

मास्तर होते. तिला शेकर धरायला शिकवणारे, आणि हयातीत एकदाही 'चांगलं' न म्हणालेले मास्तर. त्यांच्या तिरडीला तिनं स्वतः खांदा दिला होता.

स्टुलावर बसून ते एवढंच म्हणाले, "बनव."

तिनं शेकर उचलला आणि एकही माप चुकू दिलं नाही. पुढे आयुष्यभर ती हे सांगायची. डब्यात उरलेल्या बर्फाच्या खळखळाटानं सगळी खोली भरून गेली. मास्तरांनी डोळे मिटून ग्लास रिकामा केला.

"लिंबू..." ते पुटपुटले.

"लिंबू बरोबर आहे, मास्तर. एक थेंबही बदलणार नाही."

त्यांना ती पहिल्यांदाच उलट बोलली होती. मास्तर हसले.

"मग जमलं."

बहीण बर्फ घेऊन आली तेव्हा स्टूल रिकामं होतं. "ताई, कुणाशी बोलत होतीस? आणि रडतेस काय अशी?"

स्पर्धा तिनंच जिंकली. ते पेय बारमध्ये मिळू लागलं त्या पहिल्याच संध्याकाळी एक अनोळखी म्हातारी आली, तिनं तेच मागवलं आणि एक घोट घेऊन म्हणाली, "अगदी तस्संच!"

"कशासारखं, आजी?" कृती तर तिनं बहिणीलाही सांगितली नव्हती.

"आमच्याकडे मास्तर करतात ना, तसं. नुसती झुंबड उडते. कुणी विचारलं की तुझं नाव सांगतात... छाती फुगवून."

भीती वाटायच्या आधी तिचा ऊर भरून आला.

म्हातारीनं तिच्या मनगटावर हात ठेवला. हात बर्फासारखा होता. "तूही चाखलंस ना ग?"

"म्हणजे काय! चाखल्याशिवाय कुणाला देईन का मी?"

"बरं झालं," म्हातारी समाधानानं म्हणाली. "त्यांना सांगते तसं."

ती उठली, आणि वर जायच्या जिन्याकडे न वळता मागच्या खोलीत शिरली. त्या खोलीला दुसरं दार नव्हतं, आणि तळघराच्या खाली काहीच नव्हतं.

तरीही पायऱ्या उतरल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.