जांभळ्या पट्ट्यांपलीकडची झेल्फा मावशी

ही घडलेली गोष्ट आहे.

माझ्या तोंडून याआधी तुम्ही माणसाएवढ्या माशाची गोष्ट ऐकली असेल, तर ती विसरा. तो मासा जरा लहान होता. ही गोष्ट मात्र मी तसूभरही वाढवलेली नाही. उलट एकदोन ठिकाणी कमीच करून सांगतोय.

ज्याच्या बाबतीत घडली तो ऑर्व्हल स्टिनेट अजून जिवंत आहे. ओढ्यापलीकडे राहतो. परवा मी त्याला विचारलं, "लोकांना सांगू का रे? नाव बदलून सांगतो."

त्याने बुटांवरची माती झटकली. मग म्हणाला, "नाव बदलू नकोस."

दोन हजार सोळा साल. मे महिन्यातला चौथा रविवार. अमेरिकेतल्या मिसुरी राज्याच्या दक्षिणेकडचं आमचं डोंगराळ खोरं. वेळ दुपारची अडीच. लख्ख ऊन. भुतं रात्रीचीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी इथेच थांबावं. रात्री निदान झोपून तरी जाता येतं.

ऑर्व्हल तेव्हा अडुसष्टचा. लाकडाच्या गिरणीत जन्म गेला, दोन बोटं तिथेच राहिली. घरात तीन बंदुका. आमच्याकडे त्यात विशेष काही नाही. शेरीफचा, म्हणजे पोलिसांचा, माणूस यायला पाऊण तास लागतो. तोवर ज्याचा त्याने आपला उंबरठा राखायचा.

दोन वर्षांपूर्वी कुणीतरी त्याच्या शेडमधून झाडं कापायची मशीन पळवली होती. तेव्हापासून ऑर्व्हलचं डोकं फिरलं. त्याने जांभळा रंग आणला.

आमच्याकडे तसा कायदाच आहे. झाडावर, नाहीतर खांबावर जांभळा उभा पट्टा ओढला की झालं. पाटी नको, कुंपण नको. पट्ट्याच्या आत पाऊल टाकलं की तो माणूस घुसखोर. ऑर्व्हलने इतकं रंगवलं, की त्याच्या बायकोची, नेवाची, एक कोंबडी महिनाभर जांभळी फिरत होती.

इथवर हसायला हरकत नाही.

पण त्याच्या जमिनीत, टेकाडावर, सीडरच्या झाडांखाली अकरा थडगी होती. मॅझिंगो घराण्याची. जमीन कधीच विकली गेली, थडगी राहिली. आणि जमीन कुणाचीही असो, थडग्यावर येणाऱ्या नातलगाला अडवायचं नाही, हाही आमच्याकडे कायदाच आहे.

ऑर्व्हलला हे माहीत होतं.

तरी त्याने टेकाडाच्या पायवाटेवर दोन्ही बाजूंच्या खांबांना पट्टे ओढले. मध्ये साखळी लावली. वर कुलूप.

मेमधल्या त्या रविवारी आमच्याकडे थडगी सजवतात. जुनी माणसं फावड्याने सगळं गवत खरवडून माती उघडी करतात. गवत राहिलं, म्हणजे मेलेल्यांना विसरलो. मग फुलं ठेवायची, आणि चर्चच्या अंगणात सगळ्यांनी मिळून जेवायचं.

तर आदल्या वर्षी, दोन हजार पंधरात, त्या रविवारी झेल्फा मॅझिंगो साखळीखालून वाकून आत आली.

वय शहाऐंशी. डोक्यावर कापडी टोपडं. एका हातात फावडं, दुसऱ्या हातात कॉफीच्या डब्यात कागदी फुलं. तिला सगळं खोरं मावशी म्हणायचं. ऑर्व्हलही.

"तू तिला ओळखलं नव्हतंस ना रे?" मी नंतर त्याला विचारलं होतं. मला वाटलं, तो हो म्हणेल.

"टोपडं दिसलं तेव्हाच ओळखलं," तो म्हणाला.

पडवीतूनच तो ओरडला होता, "जांभळं दिसत नाही का?"

"दिसतंय की. छान रंगवलंयस. वर जाऊन येते रे, अर्ध्या तासाचं काम."

"आज तुला सोडलं, तर उद्या सगळं खोरं येईल."

"खोऱ्यात उरलंय कोण, बाळा?"

ऑर्व्हलने बारा बोरची बंदूक उचलली. रोखली नाही, हे तो आजही आवर्जून सांगतो. फक्त काडतूस चढवलं.

खटॅक... खट्.

झेल्फा मावशी थांबली. बंदुकीकडे तिने पाहिलंच नाही. त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"बरं," ती म्हणाली. "पाय दुखतायतच माझे."

आणि वळली. साखळीखालून परत जाताना तिला दोनदा खाली बसावं लागलं.

तो बघत होता. जागचा हलला नाही.

मावशीने हे कुणाला सांगितलं नाही. त्यानेही नाही. जानेवारीत ती गेली. तिचा नवरा आणि सात महिन्यांची मुलगी त्या टेकाडावर होती, पण तिला गावातल्या नव्या दफनभूमीत पुरलं. 'टेकाडाचा चढ फार झालाय, माझ्यासाठी कुणी दमू नका,' असं ती स्वतःच लिहून गेली होती. पेटीला खांदा कुणी द्यायचा, त्या सहा जणांची नावंही लिहून गेली होती.

चौथं नाव ऑर्व्हलचं होतं.

त्याने खांदा दिला. सगळ्यांदेखत.

आता त्या दुपारकडे येतो.

नेवा तळलेल्या कोंबडीची परात घेऊन चर्चला गेली होती. ऑर्व्हल अंगठा सुजल्याचं सोंग करून घरी राहिला. लोकांना तोंड कसं दाखवणार? पडवीत बसला होता.

तेवढ्यात टेकाडावरून आवाज आला...

खर्र...

खर्र...

कोरड्या मातीवर फावडं ओढल्यासारखा.

त्याचा कुत्रा पक्ष्याच्या सावलीवरसुद्धा भुंकतो. तो उठला... आणि भुंकला नाही. शेपूट हलवत साखळीपर्यंत गेला. तिथेच बसला.

ऑर्व्हलने बंदूक घेतली आणि टेकाड चढला.

वर कुणी नव्हतं.

आवाजही नव्हता. पण अकरापैकी दोन थडग्यांवरचं गवत निघालं होतं. एक मोठं थडगं, एक छोटं. माती ओली होती, आतून नुकतीच वर आल्यासारखी. पावलाचा ठसा मात्र... एकही नाही.

तो तसाच घरी आला आणि त्याने शेरीफच्या कचेरीला फोन लावला. फोनवर लुआन होती. तिच्या बापाबरोबर ऑर्व्हल गिरणीत होता.

"लुआन, माझ्या जमिनीत कुणीतरी शिरलंय."

"काका, मागच्या खेपेला ते कचरा उकरणारं रॅकून निघालं होतं."

"रॅकून फावडं चालवत नाही गं!"

"बरं, बरं. बोडी क्रेनला धाडते. नवीन पोरगा आहे, तुम्हाला ओळखत नाही. ऐकताय ना? तो येईल तेव्हा बंदूक आत ठेवायची. हातात दिसता कामा नये."

"मला शिकवतेस?"

"शिकवते. आत ठेवा."

त्याने बंदूक आत ठेवली. दाराला टेकवून.

पाऊण तास गेला.

मग पुन्हा...

खर्र...

या खेपेला आवाजाच्या मध्येमध्ये आणखी काहीतरी होतं. कुणीतरी अगदी हळू, मूल झोपवताना गुणगुणतात, तसं गुणगुणत होतं.

ऑर्व्हल ताडकन उठला. लुआनने सांगितलेलं तो विसरला. की विसरला नाही, हेही त्याला आज सांगता येत नाही. बंदूक त्याच्या हातात होती आणि तो पायवाटेने वर चालला होता.

सूर्य समोर. डोळ्यांवर तिरीप. सीडरच्या झाडांत एक आकृती उभी होती.

पाठमोरी.

आणि त्याच्या तोंडून तेच शब्द निघाले. आदल्या वर्षीचेच. जशास तसे.

"जांभळं दिसत नाही का?"

खटॅक... खट्.

या खेपेला त्याने बंदूक रोखली होती.

आकृती गर्रकन वळली. "पोलीस! बंदूक खाली टाका! खाली!"

पंचविशीतला पोरगा. छातीवर बिल्ला, दोन्ही हातांत पिस्तूल. साखळीला कुलूप, म्हणून बोडी क्रेन गाडी रस्त्यावर ठेवून झाडांतून चढला होता. दहा पावलांवर दोन नळ्या एकमेकींकडे बघत होत्या.

ऑर्व्हलला बंदूक टाकायची होती. हात ऐकत नव्हते.

एक... दोन... तीन...

आणि बोडीनेच पिस्तूल खाली केलं.

मग कुठे ऑर्व्हलच्या हातातून बंदूक सुटली.

बोडी थडग्याच्या दगडावर मटकन बसला. ओठ पांढरे. "काका, चाप अर्धा ओढला होता मी. अर्धा! माझी बायको आठव्या महिन्यात आहे. तुम्हाला कळतंय का, काय झालं असतं?"

"मग थांबलास का?"

"का म्हणजे? त्या आजी मध्ये आल्या ना!"

"कोण?"

"त्या टोपड्यातल्या. कडेवर तान्हं मूल घेऊन अशा मध्ये घुसल्या, तुमच्या नळीला अगदी पाठ टेकून. हात वर करून मला म्हणाल्या, 'मारू नकोस रे. घाबरलाय तो.'" बोडीने इकडेतिकडे पाहिलं. "गेल्या कुठे?"

ऑर्व्हलने खाली पडलेल्या बंदुकीकडे पाहिलं. मघाशी तिच्या नळीपुढे त्याला ऊन दिसलं होतं. नुसतं ऊन.

"आणखी काय म्हणाली?" त्याने विचारलं.

"तुम्ही वर यायच्या आधी थडगं खरवडत होत्या, तेव्हा म्हणाल्या, मी झेल्फा. दरवर्षी येते. ऑर्व्हलने मला कधी अडवलं नाही, साखळी स्वतः काढून देतो. गुणी शेजारी आहे माझा."



बोडीने वही काढली. "खरं तर पोलिसावर बंदूक रोखली म्हणून तुम्हाला आत टाकायला हवं. पण आजींनी शब्द टाकलाय. आणि लुआननेही बजावलं होतं, म्हातारा तिरसट आहे पण वाईट नाही. तर मी लिहितो, 'घुसखोरी नाही. बाई मालकाच्या परवानगीने आल्या होत्या.' बरोबर ना, काका?"

एक शब्द पुरे होता. नाही.

तो शब्द त्याच्या जिभेवर आला होता, असं तो सांगतो. मेलेल्या बाईने खोटं बोलून त्याची लाज झाकली होती, आणि ती उघडी करायला त्याला दोनच अक्षरं उच्चारायची होती.

"बरोबर," ऑर्व्हल म्हणाला.

आणि सही केली.

ते दोघे खाली आले, तेव्हा नेवा रिकामी परात घेऊन गाडीतून उतरत होती. पोलीस बघून ती धावलीच. "काय झालं? ऑर्व्हल, काय केलंस?"

"काही नाही हो काकू," बोडी टोपीला हात लावत म्हणाला. "एक आजी थडगी साफ करत होत्या, काकांना वाटलं चोर. झेल्फाआजी. भल्या बाई. आज दोघांचा जीव वाचवला त्यांनी."

नेवा हलली नाही.

बोडी गेला. गाडीचा आवाज वळणापलीकडे विरेपर्यंत ती तशीच उभी होती. मग हळूच म्हणाली, "झेल्फा मावशी मला म्हणाली होती, पंधरा साली ती वर गेलीच नाही. चढ झेपत नाही म्हणाली."

ऑर्व्हलने तिच्या हातातली परात घेतली.

"मी तेव्हाच म्हटलं, त्याच आठवड्यात तिने स्वतःच्या घराचं छप्पर झाडलं, आणि एवढासा चढ झेपत नाही?" तिने त्याच्याकडे पाहिलं. "ऑर्व्हल, त्या वर्षी ती आली होती का?"

"नाही," तो म्हणाला.

नेवाने पुन्हा कधी विचारलं नाही. त्या रात्री त्याला वाढलं, समोर बसली, पण तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याला वाटतं, तिला कळलंय. मलाही तसंच वाटतं. ती विचारत नाही, यातच काय ते आलं.

साखळी त्याने दुसऱ्याच दिवशी तोडली. पट्ट्यांवर डांबर फासलं. बंदुका पुतण्याला देऊन टाकल्या. दरवर्षी त्या रविवारी तो स्वतः वर जातो, अकराच्या अकरा थडगी खरवडतो आणि टोपी काढून उभा राहतो. माफी मागायला.

गेल्या मे महिन्यात मी त्याच्याबरोबर गेलो होतो. वाटलं, सोबत असली तर त्याला धीर येईल.

काम झालं. त्याने टोपी काढली. ओठ ओले केले. तोंड उघडलं...

आणि झाडांतले किडे थांबले.

पाखरं थांबली. वारा पडला. खालचा ओढा बारा महिने खळखळतो. शपथ घेऊन सांगतो, तोसुद्धा ऐकू येईना. भरलेल्या चर्चमध्ये कुणी बोलायला उभं राहिलं, की जशी शांतता होते, तशी. कुणीतरी ऐकायला थांबलं होतं. आमच्या अगदी जवळ.

ऑर्व्हलने टोपी छातीशी धरली. डोळ्यांतून पाणी आलं. मी मनात म्हणत होतो, बोल रे. बोल एकदाचं.

किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही.

"यंदा पाऊस बरा आहे, मावशी," तो म्हणाला.

हळूहळू, एकेक करून, किडे पुन्हा ओरडू लागले.