बोडक्या उताराचं बक्षीस

ज्याने डोंगर बोडका केला त्याला अनुदान आणि जिने जिवापाड राखला तिला ठेंगा... असा नियम लिहिणाऱ्यांनो, तुम्ही जन्मात एक तरी झाड वाढवलंय का?

त्या सकाळी धाकटा अंगणात चहा पीत होता, आणि वरच्या उतारावरून करवतीच्या मशीनची घरघर आली. कप तसाच ठेवून तो उठला. ते वहिनीचं रान होतं! थोरला भाऊ गेल्यावर वाटणी झाली; सहा वर्षांपूर्वी धाकट्याने आपली झाडं विकून ट्रॅक्टर घेतला, पण वहिनीने शिलाईवर दिवस काढले आणि एका फांदीला कुणाचा हात लागू दिला नाही. तिच्याच झाडांखालच्या झऱ्यावर त्याची विहीर भरत होती, हे त्याला कळत नव्हतं थोडंच!

धापा टाकत तो वर पोचला. तीन झाडं आडवी झाली होती.

"वहिनी, हे काय मांडलंय?"

"तुम्हीच नाही का म्हणालात, भावोजी? वनखात्याच्या साहेबांनी माझा अनुदानाचा अर्ज परत केला... उभ्या रानाला पैसे नाहीत म्हणे, बोडक्यावर नवी झाडं लावणाऱ्यालाच. तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, ‘करा की तुमचंही बोडकं!’ लेकीची नर्सिंगची फी भरायचीय मला. करतेय बोडकं."

"अहो, थट्टा केली मी!"

"ज्याच्या घरात अनुदानाचा पैसा आला त्याला थट्टा सुचते."

नियम त्याला ठाऊक होता. दहा वर्षं पडीक असलेल्या जमिनीलाच पैसे होते. वहिनीला तोडूनही छदाम मिळणार नव्हता! आणि आपल्या अर्जात त्याने बेधडक लिहिलं होतं, ‘पूर्वापार पडीक’.

"वहिनी, मी खोटं लिहिलंय... पापी आहे मी! फीसाठी ट्रॅक्टर विकतो, पण हे थांबवा!"

वहिनीने लाकूडतोड्याला हात केला, मशीन थांबलं, आणि पडलेल्या बुंध्यावर बसून ती हमसून हमसून रडू लागली. "मीच तोडली हो... माझ्या हातांनी!"

"तुमच्या हातांनी नाही, माझ्या जिभेने तोडली."

त्याने तिथूनच साहेबांना फोन लावला.

"साहेब, माझा उतार पडीक नव्हता. मीच त्यावरची झाडं तोडली. माझी मंजुरी रद्द करा, दिलेले पैसे परत घ्या, खटला भरा! पण इथे माझी वहिनी बसलीय, तिला काय सांगू? उरलेलं रान तिने कशाच्या जोरावर राखायचं? साहेब, बोला!"