आनो मेलिसोनाची नोंद

बाबा गेल्यावर आईने त्यांचे कपडे वाटून टाकले आणि वह्या माझ्या पुढ्यात ठेवल्या. "तू वाचणारी. तूच बघ काय करायचं ते."

सात वह्या होत्या. बाबा शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात सव्वीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. तिथे ग्रीक जहाजं यायची. जेवणाच्या सुट्टीत बाबा त्यांच्यावरच्या माणसांना गाठून गावाकडचं विचारायचे. शहरांत त्यांना रस नव्हता, फक्त खेडी. उंची किती, घरं किती, पाणी कुठून, रस्ता कधी आला, शाळा कधी बंद पडली. सगळं मराठीत, पट्टीने आखलेल्या रकान्यांत. शेवटचा रकाना 'सांगणारा'. नियम एकच: त्या गावात जन्मलेल्या माणसाने सांगितलं तरच लिहायचं.

स्वतः ते ग्रीसला कधीच गेले नाहीत. "जाऊ की. पळून जातंय का?" एवढंच म्हणायचे.

वर्षश्राद्धाच्या आत या वह्यांचं पुस्तक करायचं, असं मी ठरवलं. शारजातल्या रोल्ला भागातल्या आमच्या घरी रोज सकाळी मी टाइप करायचे, मोठ्याने वाचत; आई शेजारी मेथी निवडत ऐकायची. दरड कोसळली म्हणून देवळाची घंटा पाठीवर घेऊन खाली उतरलेलं गाव. तेरा बहिणींनी लावलेल्या अक्रोडांचं गाव. खिडकीतून ऑक्टोबरचं ऊन आत यायचं आणि आम्ही दोघी त्या डोंगरांत असायचो. वर्षभरात पहिल्यांदा मला बरं वाटत होतं.

दोनशे बारा गावं झाली. मग शेवटचं पान.

"आनो मेलिसोना. उंची ९४० मीटर. घरे १९. पाणी: चौकातल्या चिनाराखालचा झरा, बारमाही. वस्ती: १. सांगणारा: स्वतः."

मी थांबले.

"काय गं?" आईने विचारलं.

"काही नाही."

दुपारी मी बाबांचे सगळे पासपोर्ट काढले. मुंबई आणि शारजा यांखेरीज कुठलाच शिक्का नव्हता. शेवटचे चार महिने त्यांना सहीसुद्धा जमत नव्हती, आणि ही शेवटच्या वहीतली शेवटची नोंद होती. अक्षर मात्र छापल्यासारखं, एकही रेघ हललेली नव्हती. एक खोटी नोंद राहिली, तर उरलेल्या दोनशे बारांवर कोण विश्वास ठेवणार? ती गाळायचं मी ठरवलं. पण आधी थानासिसला विचारणं भाग होतं.

थानासिस यार्डातला जुना इंजिनिअर, कातो मेलिसोनाचा. चाळिसावी नोंद त्याच्या नावावर आहे. तो कँटीनमध्ये भेटला.

"आनो म्हणजे वरचं, कातो म्हणजे खालचं," तो म्हणाला. "खाली रस्ता आला, तसे लोक उतरले. वर एकोणीसशे एकसष्टपासून कुणीही नाही. एकोणीस घरं, बरोबर. पण झरा? खलास. माझ्या आईच्या लग्नाआधीच आटला."

"मग बाबांना वरच्या गावाचं तुम्हीच सांगितलंत?"

"मी? मिस आभा, वर जन्मलेला नाही म्हणून तुमच्या वडिलांनी मला विचारलंसुद्धा नाही! नियम म्हणजे नियम." तो हसला, मग मी वहीतली ओळ पुन्हा समजावून सांगितल्यावर हसायचा थांबला. "माझा चुलतभाऊ त्या बाजूला शेळ्या नेतो. रविवारी वर जायला सांगतो, इन्शाल्ला."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. शारजात आम्ही चार घरं बदलली. प्रत्येक नव्या घरात आई ओट्यावर दूध उतू घालायची, आणि बाबा उंबऱ्यावर खडूने उत्तरेचा बाण काढून त्याच्या टोकाशी 'उ' लिहायचे. उत्तर दाखवल्याशिवाय नकाशा होत नाही, घर कसं होईल, असं त्यांचं म्हणणं.

"आधी दूध," आई म्हणायची.

"आधी उत्तर," बाबा म्हणायचे.

हे भांडण चारही वेळा झालं.

व्हिडिओ सोमवारी सकाळी आला. आई चष्मा लावून माझ्या खांद्यावरून बघायला लागली.

आधी नुसता आवाज. पाणी वाहत होतं.

मग चिनार. त्याच्या मुळांतून निघालेली हातभर रुंद धार. पावसाने काळे पडलेले दगड; पाऊस अजून पडतच होता. छपरं खचलेली घरं, एकामागून एक.

तिसऱ्या घराची कौलं मात्र शाबूत होती.

कॅमेरा खाली झुकला. शेळीवाल्याचे बूट उंबऱ्याशी थांबले. दगड ओला होता, पाणी त्यावरून ओघळत होतं.

त्यावर खडूचा बाण होता, कोरडा, पांढराशुभ्र.

शेळीवाला दबक्या आवाजात काहीतरी म्हणाला. खाली थानासिसने लिहिलं होतं: भाऊ विचारतोय, हे कुठल्या लिपीतलं अक्षर?

मी फोन टेबलावर ठेवला.

आईने तो उचलला, पुन्हा पहिल्यापासून पाहिला.

"केलंच शेवटी स्वतःच्या मनाचं," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

नोंद मी गाळली नाही. त्याच दिवशी टाइप केली, 'सांगणारा: स्वतः' सकट. आईला वाचून दाखवली. वस्तीपाशी तिने हात वर केला.

"तो आकडा रिकामा ठेव."

"का गं?"

"पुस्तक छापून येईपर्यंत बदलेल."

ती आत गेली. थोड्या वेळाने मी पाहिलं, तर माळ्यावरची दुधाची छोटी पातेली खाली काढलेली होती. चिंचेने घासून लख्ख झाली होती. पलंगावर बसून आई ती एका स्वेटरात गुंडाळत होती.