एकाच नंबरावरचे एकेचाळीस

नाजियाने सोमवारी कुलूप लावलं.

तोवर ती नोंदवही इंटरनेटवर सताड उघडी पडली होती. २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना ज्यांना विष बाधलं त्यांची यादी आर्णीतल्या एका लहानशा संस्थेने केली होती. कोणी काय फवारलं, डोळ्यांपुढे अंधार कधी आला, औषध कोणत्या दुकानातलं. मग कोणीतरी त्यातली नावं वाचून साक्षीदारांच्या दारात जाऊन दम देऊ लागलं. म्हणून संस्थेचं संगणकाचं काम पाहणाऱ्या नाजियाने लॉगिन बसवलं. ज्याची नोंद त्यालाच दिसेल. ओळख म्हणजे मोबाइल नंबर. त्यावर चार आकडी कोड येईल, तो टाकला की नोंद उघडेल.

दुपारच्या चहाआधी काम झालं. कोणी, कधी, कोणाची नोंद उघडली, तेही आता तिच्या स्क्रीनवर उमटणार होतं.

*मंगळवार, १०.४२. लखीराम. वाचली: पूनमसिंगची नोंद.*

एकाने दुसऱ्याची नोंद वाचलीच कशी? तिने प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला. चूक प्रोग्राममध्ये नव्हती, यादीत होती. पूनमसिंगच्या तांड्यावर रेंज फक्त टेकडीवर, आणि टेकडीवर जनावरं घेऊन बसायचा लखीराम. त्यामुळे अर्ज कोणताही असो, नंबर त्याचा. गॅसचा कोड आला, बँकेचा आला, की तो वरून ओरडून आकडे सांगायचा. फवारणीच्या यादीतही एकेचाळीस जणांनी त्याचाच नंबर दिला होता. एकेचाळिसावा नाजियाचा भाऊ नौशाद. फवारणीचे पंप दुरुस्त करायला तो तांड्यावर गेला होता, तिथेच त्यालाही बाधलं.

कुलपाला एवढंच कळत होतं: नंबर एक, माणूस एक. एकेचाळीस नोंदींचा मालक लखीराम.

तो सप्टेंबरातच गेला होता.

मंगळवारी संध्याकाळी पूनमसिंगला पुन्हा दवाखान्यात नेलं. महिन्याभरापूर्वी बरा होऊन घरी आलेला माणूस. फवारणी नाही, शेतात पाय नाही. दिसेनासं झालं.

*बुधवार, १०.४२. लखीराम. वाचली: डोंगरसिंगची नोंद.*

*गुरुवार, १०.४२. लखीराम. वाचली: शंकरसिंगची नोंद.*

तिघंही दिसेनासं होऊन एकाच वॉर्डात.

सिम दुसऱ्या कोणाला गेलं असेल, असं धरून नाजियाने लखीरामच्या आईला, हंसाबाईला, शेजारणीच्या फोनवर गाठलं.

"मावशी, लखीरामचा फोन कोणापाशी आहे?"

"त्याच्याचपाशी."

"म्हणजे?"

"लगन झालं नवतं न त्याचं. जाळला नाही, गाडला. फोन खिशातच राहू देला. जिता होता तई हातातून सुटत नवता. काहून? कोनाले लागते का?"

नाजियाने त्याच दुपारी नोंदवहीतून लखीरामचा नंबर काढून टाकला. चाळीस नोंदींना कोणीच मालक उरला नाही. तांड्यावर जाऊन एकेकाचा वेगळा नंबर घ्यावा लागणार होता. एकेचाळिसाव्या नोंदीला मात्र तिने आपला स्वतःचा नंबर लावला. नौशादची नोंद आता तिच्या हातात होती.

शुक्रवारी सकाळी नौशाद ऑफिसात येऊन खिडकीपाशी बसला. चार्जिंगला लावलेला तिचा फोन त्याच्या कोपराशी होता.

"काय आपा, सकाळपासून घड्याळच पाहून राह्यली. कोनी पाहुना येनार हाय का?"

"गप बस."

१०.४२. काही नाही.

१०.४३. काही नाही. तिने श्वास सोडला.

फोनवर मेसेज वाजला. लगेच रिंग. ती खुर्चीतून उठेपर्यंत नौशादने फोन कानाला लावला होता.

"हो, आला न. सात, शून्य, चार, दोन."

त्याने फोन खाली ठेवला.

"कोण होतं?"

"तांड्यावरचं कोनी. वारा लय होता तिकडं. कोड आला का म्हने, सांगून देला. आपल्या कोडासाठी कमी तरास देला का आपन त्याईले?"

तिने स्क्रीनकडे पाहिलं.

*शुक्रवार, १०.४४. लखीराम. वाचली: नौशादची नोंद.*

"आपा."

तिने त्याच्याकडे वळून पाहिलं.

"लाइट गेली का?"

खिडकीतून ऊन थेट त्याच्या तोंडावर पडलं होतं. वर पंखा फिरत होता.