धुरांडेवाल्याचा नकार

मेव्हिस बेडोज खाटकाच्या दुकानातून बाहेर पडली ती थेट एका सायकलवर आदळली. हातातलं सॉसेजचं पुडकं एकीकडे, टोपी दुसरीकडे, आणि सायकलवाल्याच्या खांद्यावरच्या वेताच्या काठ्यांची मोळी फुटपाथवर खडखडत पसरलेली.

"लागलं का हो? अरे देवा... गालाला..." तो घाईघाईनं पुढे झाला आणि त्यानं अंगठ्यानं तिच्या गालावरचा डाग पुसला. डाग पुसला गेला नाहीच, दुप्पट झाला. त्याचे हात कोळशाइतके काळे होते.

"पुसू नका! कृपा करून काही पुसू नका!" मेव्हिस ओरडली, आणि मग त्याचा पडलेला चेहरा बघून तिला हसूच फुटलं. सगळा चेहरा काळा, त्यात दोन निळे डोळे, आणि ते इतके ओशाळलेले!

समोरच्या दुकानातून प्रीसबाईंनी टाळ्या पिटल्या. "अगं बाई! लग्नाच्या तोंडावर नवरीला धुरांडेवाला धडकला! नशीब काढलंस गं पोरी!"

घरोघरची धुरांडी झाडणारा धुरांडेवाला शुभ, तो दिसला की नमस्कार करायचा, हात मिळवायला मिळाला तर उत्तम, आणि नवरी चर्चमधून बाहेर पडताना तो फाटकाशी भेटला आणि तिनं त्याचा पापा घेतला तर संसाराला कसलीच भीती नाही, असं सगळं गाव मानत होतं. तो भेटायचा अगदी योगायोगानं. योगायोग घडवायचं काम नवरीच्या आईकडे असे.

"लग्न आहे तुमचं?" त्यानं काठ्या गोळा करत विचारलं.

"ईस्टरनंतरच्या शनिवारी."

"अच्छा... अभिनंदन." तो उठला, टोपीला हात लावला आणि सायकल हातात धरून चालत निघून गेला. सायकल असताना माणूस चालत का जातो, हा प्रश्न मेव्हिसला घरी पोचेपर्यंत सुटला नव्हता.

नवरामुलगा लेनर्ड प्यू विमा कचेरीत होता. नीटनेटका, निर्व्यसनी, वेळेचा पक्का. त्याच्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि मेव्हिसनं ती काढलीही नव्हती. फक्त लग्नाचा दिवस जवळ येऊ लागला तशी ती रात्र रात्र छताकडे बघत जागायला लागली होती. सगळ्याच मुली जागतात, आई म्हणायची. मेव्हिस मान डोलवायची, पण झोप काही यायची नाही.

पाहुणे यायचे म्हणून आईनं बैठकीचं धुरांडं झाडायला बोलावलं, तर दारात तोच. क्लेम गिटिन्स त्याचं नाव. म्हाताऱ्या गिटिन्सचा मुलगा. बापाचे गुडघे गेले तेव्हापासून गावची सगळी धुरांडी याच्या गळ्यात पडली होती.

त्यानं शेगडीसमोर चादर ताणून बांधली, कुंचा आत घातला, एकीला एक काठी जोडत वर सारत नेला. मग मेव्हिसकडे वळला. "तुम्ही बाहेर जाता का? कुंचा वरून बाहेर आला की ओरडा. मला इथून काही दिसत नाही."

बाहेर भुरभुर पाऊस होता. मेव्हिस मान वर करून बागेत उभी राहिली. पापण्यांवर थेंब... वर नुसतं करडं आकाश... आणि एकाएकी धुरांड्याच्या तोंडातून तो गोल, केसाळ कुंचा बाहेर आला आणि डोलायला लागला! कुणीतरी गमतीनं मान हलवावी तसा. आत तोच हलवत होता, मुद्दाम.

"आला! आला!" ती लहान मुलीसारखी ओरडली. आत हसण्याचा आवाज आला, आणि मेव्हिस त्या क्षणापुरती लग्न विसरूनच गेली.

चहा त्यानं स्वयंपाकघरात, खुर्चीवर वर्तमानपत्र अंथरून घेतला. मेव्हिसचे वडील तेव्हाच पबमधून आले होते. घोड्यांच्या शर्यतीच्या चिठ्ठ्यांत आपल्याला लंगडा घोडा आला म्हणून कुरकुरत ते बाहेरच्या खोलीत गेले.

"त्या चिठ्ठ्यांनाही तुमच्यासारखं स्वीपच म्हणतात, गंमत आहे ना?" मेव्हिस म्हणाली. काहीतरी बोलायला हवं होतं.

"गंमत कसली? बिचाऱ्या शब्दाचे हाल आहेत," क्लेम म्हणाला. "घर झाडलं की स्वीप. धुरांडं झाडणारा मी, तोही स्वीप. घोड्याच्या चिठ्ठ्या काढल्या, स्वीप. माझे आजोबा नदीवर होते, त्यांचं ते लांबलचक वल्हं, तेही स्वीप. नदीनं मोठं वळण घेतलं तरी स्वीपच. एक शब्द किती जणांकडे राबणार? त्याला सुट्टी नाही."

"आणि तुम्हाला?"

"मला रविवारी असते. शनिवारी नवऱ्या असतात."

"हं! किती नवऱ्यांनी पापा घेतला असेल आतापर्यंत?" विचारायचं नव्हतं, विचारून झालं.

"मोजत नाही. डोळे मिटून, नाक मुरडून घेतात हो. मुंगी चावली की पळतात ना, तशा पळतात लगेच."

"मी नाही नाक मुरडणार," मेव्हिस म्हणाली.

किटलीचं झाकण तेवढं थडथडत होतं. मेव्हिसचे कान तापले, आणि क्लेमनं कपात असं काही बघितलं की जणू तळाशी काहीतरी पडलंय.

नेमकी तेव्हाच आई आत आली. "क्लेम, आमच्या शनिवारी फाटकाशी येशील ना? म्हणजे... सहज, तिकडून जाता जाता."

क्लेमनं कप खाली ठेवला. "बघतो, मिसेस बेडोज. सांगतो."

त्यानंतरचे दिवस मेव्हिसला धड गेले नाहीत. झगा बेतायला उभी राहिली की टाचण्या टोचायच्या. रस्त्यात सायकलची घंटा वाजली की ती खिडकीकडे धावायची, आणि सायकलवर पोस्टमन निघाला की स्वतःचाच राग यायचा. काय चाललंय हे? लग्न तोंडावर आलंय, आणि आपण सायकली कसल्या बघतोय?

लेनर्डनं तिला नवं घर दाखवलं. भिंतीवर विजेची शेगडी होती, पांढरी, चकचकीत. "राख नाही, काजळी नाही, धुरांडंच नाही," तो अभिमानानं म्हणाला. "साफसफाईला कुणाला बोलवायला नको."

"कुणालाच?"

"कुणालाच!" तो खूश होऊन म्हणाला. मेव्हिसला मात्र त्या उबदार खोलीत हुडहुडी भरली.

आणि मग आई बाजारातून आली ती डोक्यावरची टोपी न काढताच खुर्चीत बसली.

"नाही म्हणाला."

"कोण?"

"क्लेम गिटिन्स. मला काम आहे म्हणाला. लग्नाच्या दिवशी! त्याच्या बापानं जन्मात कुणाला नाही म्हटलं नव्हतं, यानंही नाही. आपल्यालाच बरं..." आईच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

संध्याकाळपर्यंत गावभर बोभाटा झाला. प्रीसबाई मुद्दाम घरी येऊन सांगून गेल्या, "त्या लोकांना कळतं बाई. काहीतरी दिसलं असेल त्याला." ग्लॅडिस मावशीनं रुमाल ओला केला. लेनर्ड तेवढा हसला. "दुसऱ्या गावचा बोलवा. तोंड काळं असलं म्हणजे झालं."

सगळे मेव्हिसकडे बघत होते. ती आता रडेल, असं सगळ्यांना वाटत होतं. आणि मेव्हिसला... शपथेवर सांगावं तर मेव्हिसला हायसं वाटलं होतं. फाटकाशी तो नसेल. त्याच्यासमोरून लेनर्डचा हात धरून जावं लागणार नाही. पाठीवरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी ती जाम घाबरली. हे असं वाटणाऱ्या मुलीनं कुणाशी लग्न करावं?

दुसऱ्या दिवशी ती लेनर्डकडे गेली. तो नव्या घरात पडद्यांसाठी खिडक्या मोजत होता.

"धुरांडेवाला येत नाही म्हणून लग्न मोडतेस?" त्याचा विश्वासच बसेना.

"नाही, लेनर्ड. तो येणार नाही हे ऐकून मला बरं वाटलं, म्हणून."

तो बराच वेळ हातातली फूटपट्टी मिटत होता, उघडत होता. "मला वाटलं, तुला घर आवडलंय."

"घर छान आहे. तूही चांगला आहेस. तुला कुणीतरी धडपणे हो म्हणायला हवं, आणि मी कधी धड म्हटलंच नाही रे."

त्यानं अंगठी घेतली, कोटाच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं. त्या बटणाकडे बघताना मेव्हिसला फार वाईट वाटलं.

घरी आई आधी ओरडली, मग रडली, मग केक कुणाला द्यायचा म्हणून पुन्हा रडली. मेव्हिसनं सगळं ऐकून घेतलं आणि कोट चढवला.

कालव्यामागच्या गिटिन्सच्या अंगणाकडे जाताना तिनं मनात शंभर शंका काढल्या. त्याला खरंच काम असलं तर? प्रीसबाई म्हणाल्या तसं त्याला आपल्यात काही अशुभ दिसलं असलं तर? तो तर सगळ्याच नवऱ्यांशी असा हसत असेल... स्वयंपाकघरातल्या चहावर आपण एवढं मोठं लग्न मोडून बसलो! दोनदा ती मागे वळली. दोनदा पुन्हा पुढे निघाली.

क्लेम नळाखाली कुंचा धूत होता. तिला बघून तो उभा राहिला, आणि नळ बंद करायचा राहूनच गेला.

"मिस बेडोज."

"शनिवारी कुठे काम आहे तुम्हाला?" तिनं दम खाऊन विचारलं.

"आहे... जरा लांब."

"कुठे लांब?"

त्याला गावाचं नावच आठवेना.

"गाव म्हणतंय, तुम्हाला माझ्यात काहीतरी वाईट दिसलं." ती म्हणाली. "तसं असेल तर सांगा. मी ऐकून जाईन."

"वाईट?" तो दचकलाच. "तुमच्यात? कोण म्हणतंय असं?" मग तो थांबला. ओल्या हातांकडे बघत राहिला. "फाटकाशी उभं राहायचं म्हणजे नुसतं तोंड काळं करून भागत नाही, मिस बेडोज. मनातून म्हणावं लागतं, याच्याबरोबर सुखी राहा. मी दर वेळी म्हणतो, खरंच म्हणतो. तुझ्या वेळी..." तो अडखळला. 'तू' निघून गेलं होतं, आता परत घेता येत नव्हतं. "तुझ्या वेळी ते माझ्याच्यानं म्हणवलं नसतं. मी तिथे उभा राहून देवाकडे भलतंच मागितलं असतं. दुसऱ्याच्या लग्नात असं मागायचं नसतं, म्हणून नाही म्हटलं. जा आता. काळजी करू नकोस, तुझ्यात वाईट काहीही नाही. वाईट मीच."

नळ वाहत होता. मेव्हिसला रडायचं होतं की हसायचं, तिचं तिलाच ठरवता येईना.

"काय मागितलं असतंस?" तिनं हळूच विचारलं.

"नको विचारू."

"विचारतेय."

"तू फाटकातूनच मागे फिरावंस, असं." तो खाली बघतच म्हणाला. "झालं? आता लेनर्डला सांग, म्हणावं..."

"लेनर्डला सांगून झालं," मेव्हिस म्हणाली. "आजच. अंगठी त्याच्या खिशात आहे, आणि आई केकपाशी रडतेय."

क्लेमनं मान वर केली. त्या निळ्या डोळ्यांना आधी काही समजलंच नाही... मग समजलं... मग ते भरून आले. त्यानं एक पाऊल टाकलं आणि मध्येच थांबून दोन्ही हात घाईनं नळाखाली धरले.

"थांब, जरा धुतो... फार काळे आहेत..."

मेव्हिसनं पुढे होऊन नळ बंद केला आणि ते हात तसेच हातात घेतले.

"शनिवारी," ती म्हणाली, "मला दिवसभर काहीच काम नाही."