दोन हात पलीकडे

"तुमच्यामुळे, भाई! फक्त तुमच्यामुळे माझं वाटोळं झालं!"

जहूरने हातातला लांबुळका चेंडू असा आपटला, की झावळ्यांची भिंत थरथरली आणि थोडी वाळू थोरल्या भावाच्या, बदरुद्दीनच्या ताटात पडली. वाळू पडलेला भात त्याने बोटाने बाजूला सारला आणि उरलेला खाऊ लागला. दिवसभर खाडीकाठच्या गोदामावर राखण करून आलेल्या माणसाला भांडायलासुद्धा अंगात बळ लागतं... आणि ते त्याच्यात उरलं नव्हतं.

"अरे, जेवू तरी दे त्यांना!" हमीदा म्हणाली. तिने पाण्याचा पेला उचलला आणि नेहमीसारखा नवऱ्याच्या उजव्या हाताशी ठेवला. "मेला तो नारळ! त्या नारळापायी घरात दोन घास सुखाने जात नाहीत."

तो नारळ म्हणजे अमेरिकन लोकांच्या फुटबॉलचा चेंडू. पायाने खेळायचा नाही, हाताने फेकायचा! सदुसष्ट सालची थंडी होती. तेल शोधायला आलेल्या एका अमेरिकन कंपनीचा तळ दुबईच्या किनाऱ्यावर पडला होता आणि जहूर त्यांच्या लाँचवर खलाशी होता. लाँच धक्क्याला लागताना टोकाशी वजन बांधलेली दोरी फेकावी लागते. जहूरची ती फेक तळाच्या कोलमन साहेबाने पाहिली आणि तो जागच्या जागी थबकला. हा साहेब एके काळी त्याच्या मुलखात पगारी खेळाडू होता, क्वार्टरबॅक. म्हणजे चेंडू हातात घेऊन, पळणाऱ्या गड्यांपैकी कोण मोकळा आहे ते हेरून त्याच्याकडे फेकणारा, साऱ्या संघाचा सुकाणूवाला म्हणा ना! आता त्याचे गुडघे गेले होते आणि कंपनीच्या संघाला नवा फेकणारा हवा होता. त्याने जहूरला लाँचवरून उतरवलं आणि खेळण्याच्याच पगारावर ठेवलं. रत्नागिरीच्या खलाशाचं पोर, आणि खेळायचा पगार! साऱ्या वस्तीने तोंडात बोटं घातली होती.

पण चार महिने झाले, जहूरचा प्रत्येक चेंडू गड्याच्या डोक्यावरून जाई. दोन हात पलीकडे. रोज, न चुकता, दोन हात पलीकडे!

"साहेब म्हणाला, शुक्रवारचा सामना शेवटचा," जहूरचा आवाज चिरकला. "जमलं नाही तर खलास! लाँचवर दुसरा माणूस घेतलाय, म्हणजे सरळ बोटीत बसून घरी! आणि हे कुणी शिकवलं मला? लहानपणापासून एकच घोकवलंत... माणसाच्या अंगावर टाकू नकोस, डोक्यावरून टाक, दोन हात पलीकडे टाक! आता हात ऐकतच नाही माझा. स्वतः दर्याला भिऊन पळालात, आणि मलाही भित्रा करून ठेवलंत!"

"जहूर!" हमीदा ओरडली.

"मी नाही म्हणत, भाभी, अम्मा म्हणते!" आणि तो तरातरा बाहेर निघून गेला.

बदरुद्दीनने पेला उचलला. अम्मा म्हणते, यात खोटं काय होतं? गावाहून तिचं, मैमुनाबीचं, पत्र आलं होतं, दुसऱ्याकडून लिहवून घेतलेलं. 'दर्याला भिणारा माझ्या पोटी जन्मला कसा...' त्या पत्राला सहा वर्षं झाली होती. ते त्याने कुणाला दाखवलं नव्हतं, फाडलंही नव्हतं. पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवून दिलं होतं.

सहा वर्षं! तेव्हा तो मालाच्या लाँचवर सारंग होता, सुकाणू त्याच्या हाती होतं, आणि पंधरा वर्षांचा जहूर त्याच्या हाताखाली शिकत होता. एका सकाळी बदरुद्दीन धक्क्यावर उभा राहिला आणि लाँचवर असलेल्या जहूरला म्हणाला, "टाक!" दोरी सुटली. टोकाचं वजन त्याच्या डाव्या भुवईखाली बसलं. रक्त आलं. जहूर लाँचवरून पाण्यात उडी टाकून आला, भाईच्या पायाला मिठी मारून ढसाढसा रडला. "काही नाही रे वेड्या, खरचटलंय नुसतं!" बदरुद्दीन हसत म्हणाला होता. जखम आठ दिवसांत भरली... पण त्या डोळ्यातला उजेड हळूहळू विझत गेला, आणि तीन महिन्यांनी पुरता गेला. वरून डोळा धडधाकट दिसे. पण एका डोळ्याच्या माणसाला धक्का किती लांब आहे याचा अंदाज येत नाही. दोनदा त्याने लाँच दगडावर घासली. तिसऱ्यांदा कुणाचा जीव जाईल म्हणून त्याने आपणहून सुकाणू सोडलं. कारण विचारलं तर म्हणाला, "कंटाळा आला दर्याचा."

खरं कसं सांगणार? पंधरा वर्षांच्या पोराला सांगायचं, की तू माझा डोळा घेतलास? त्याने पुन्हा दोरीला हात लावला असता का? या अल्लाह... त्यापेक्षा भित्रा ठरलेलं बरं! तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायची माणसाला सवय होते. फक्त फार दमायला होतं.

पण आज त्याला नवंच काही कळलं होतं. पोराचा हात बिघडलेला नव्हता. ती धक्क्यावरची सकाळ त्याच्या हातात अजून जिवंत होती. माणूस दिसला की हात आपोआप वर उचलला जात होता, कुणाला लागू नये म्हणून! आणि आपण समजत होतो, की पोर विसरलं...

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, दुपार कलल्यावरची असरची नमाज होताच बदरुद्दीनने चेंडू काखेत मारला. जहूर किनाऱ्यावर तोंड पाडून बसला होता.

"ऊठ. मी पळतो, तू टाक. माझ्या छातीवर."

"तुम्ही? या वयात?"

"चाळीसचा आहे मी, म्हातारा नाही झालो अजून. यल्ला, ऊठ!"

बदरुद्दीन वाळूत पळू लागला. जहूर उजव्या हाताला राहील असा. चेंडू डोक्यावरून गेला. तो चालत जाऊन घेऊन आला. पुन्हा पळाला, पुन्हा डोक्यावरून. दहा वेळा, बारा वेळा... छाती भात्यासारखी चालू लागली, पायांत गोळे आले.

"बस करा, भाई! नाही जमत मला. चेंडूच असा आहे, वारा लागतो त्याला..."

"नाचता येईना, अंगण वाकडं! वारा नाही लागत, तू माझ्या तोंडाकडे बघतोस. मी बघतोय हे दिसलं की तुझा हात कचरतो. आता मी पाठमोरा जातो, तिकडून परत पळतो. माझ्या तोंडाकडे बघायचं नाही. फक्त टाकायचं!"

परतताना डावी बाजू जहूरकडे येणार होती. बदरुद्दीनला ते ठाऊक होतं. डाव्या बाजूने काय येतं ते सहा वर्षांत त्याला कधी दिसलं नव्हतं... तरीही तो वळला, मान सरळ पुढे ठेवून धावत सुटला आणि ओरडला, "टाक! टाक म्हणतो ना! दर्याला भिणाऱ्याचा भाऊ तू, तुझ्याच्याने काय होणार!"

जहूरच्या डोक्यात तिडीक गेली. हात सुटला. चेंडू सरळ आला, अगदी सरळ, सहा वर्षांत पहिल्यांदा! आणि बदरुद्दीनच्या डाव्या गालफडावर बसला. तो वाळूत कोसळला.

"भाई!" जहूर धावत आला आणि गुडघ्यांवर बसला. "भाई... तुम्ही हातसुद्धा उचलला नाहीत! एवढा चेंडू अंगावर येतोय, आणि तुमची पापणीदेखील हलली नाही..."

बोलता बोलता तो थांबला. त्याने हात भावाच्या डाव्या डोळ्यासमोर नेला. हलवला. पुन्हा हलवला.

"कधीपासून?"

बदरुद्दीनने तोंड फिरवलं.

"भाई, तुम्हाला अम्माची शपथ! कधीपासून?" आणि मग त्याला स्वतःलाच उत्तर कळलं. त्याने आपलं डोकं भावाच्या पायांवर टेकलं. "ती दोरी... माझी दोरी! सहा वर्षं मी तुम्हाला भित्रा म्हटलं! अम्मा म्हणाली, वस्ती म्हणाली, आणि तुम्ही... का नाही सांगितलंत?"

"सांगून डोळा आला असता?" बदरुद्दीन थकलेल्या आवाजात म्हणाला. "एक डोळा गेला होता रे, तुझा हात तरी राहू दे म्हटलं. आता रडू नकोस, मलाही रडू येतं मग. चेंडू कसा आला ते सांग आधी."

"सरळ आला," जहूर हुंदके देत म्हणाला.

"मग? उचल तो. आता मी उजव्या बाजूने पळतो. बघतच पळतो. आणि तूही बघून टाक. लागला तर लागला, मेलो का मी?"

पहिला पुन्हा वर गेला. दुसराही. तिसरा मात्र थेट बदरुद्दीनच्या छातीवर आला, आणि त्याने तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला. "लागला?" जहूरने घाबरून विचारलं. "नाही रे," बदरुद्दीन म्हणाला, आणि इतका वेळ आवरलेलं पाणी त्याच्या दोन्ही डोळ्यांतून वाहू लागलं.

घरी आले तेव्हा हमीदाने सुजलेला गाल पाहिला, जहूरचे लाल डोळे पाहिले आणि काही न विचारता हळद गरम केली.

"भाभी," जहूर खाली मान घालून म्हणाला, "भाईंचा डावा डोळा..."

"ठाऊक आहे मला."

बदरुद्दीन दचकला. "तुला? कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? सहा वर्षांत तुमच्या डाव्या हाताशी मी कधी पेला ठेवलाय?" तिने लेप गालावर टेकवला. "तुम्हाला लपवायचं होतं. म्हटलं, लपवू देत... दुसरं काय होतं तुमच्याकडे?"

त्या रात्री जहूरने अम्माला पत्र लिहिलं. काय लिहिलं ते त्याने वाचून दाखवलं नाही, बदरुद्दीननेही विचारलं नाही.

शुक्रवारी संघ हरला. हो, हरला! अबू धाबीहून आलेले गडी रेड्यासारखे दांडगे होते. पण जहूरचे अकरा चेंडू गड्यांच्या हातात गेले, सरळ छातीवर, आणि सामना संपल्यावर कोलमन साहेब लंगडत त्याच्याजवळ आला. त्याने जहूरच्या खांद्यावर हात ठेवला, पुढच्या शनिवारी सकाळी लवकर सरावाला यायला सांगितलं आणि निघून गेला.

मैदानाच्या कडेला, गर्दीत, बदरुद्दीन एकटाच उभा होता. डाव्या बाजूने लोकांचे धक्के लागत होते आणि प्रत्येक धक्क्याला तो नेहमीसारखा दचकत होता. मग एकाएकी धक्के थांबले. त्याने मान पूर्ण वळवून पाहिलं. घामाने निथळणारा जहूर त्याच्या डाव्या अंगाला येऊन उभा होता.

"चला, भाई," तो म्हणाला, "भाभी जेवायला थांबली असेल." आणि भावाचा डावा हात धरून गर्दीतून वाट काढू लागला.