कॅसेटमधलं सातवं गाणं

हल शहरातल्या रेकॉर्डच्या दुकानात शनिवारी दुपारी डंकन थ्वेटने चार जुनी गाणी म्हटली. ऐकायला तीसएक माणसं होती, त्यातली निम्मी बसला वेळ होता म्हणून थांबलेली. एके काळी याच गाण्यांवर पोरं ढसाढसा रडायची. गेल्या नऊ वर्षांत मात्र त्याला एक ओळही सुचली नव्हती. परवा एकदाचं गाणं सुचलं, सात वर्षांच्या लेकीवर, हेटीवर. पण शेवटचं कडवं काही केल्या येईना आणि सोमवारी रेकॉर्डिंग होतं. हे गाणं त्याने अजून कुणाला गुणगुणूनही दाखवलं नव्हतं. सकाळी फोनवर हेटीने पुढचा दात पडल्याची बातमी दिली तेव्हासुद्धा नाही.

सही घ्यायला मॉरीन नावाची बाई पुढे आली. हातात त्याची पहिलीवहिली कॅसेट. तेव्हा तो आईच्या स्वयंपाकघरात बसून गायचा आणि वडिलांच्या जुन्या, बँडपथकाच्या कॅसेटींच्या खाचांना चिकटपट्टी लावून, आधीचं पुसून त्यांवरच एकेक प्रत भरायचा.

"सातवं गाणं तू कधीच का म्हणत नाहीस रे? आमच्या घरी तेच लाडकं."

"सहाच आहेत हो."

"मला शिकवतोस? तीस वर्षं ऐकतेय मी!"

डंकन हसला. सातवं म्हणजे वडिलांचं बँडपथक पुसायचं राहिलं असणार. तरी कुतूहल त्याला स्वस्थ बसू देईना. दुकानदाराने फळीवरून टेपरेकॉर्डर काढून दिला.

सहावं संपलं. थोडी खरखर झाली. मग त्याचाच आवाज आला, एकोणीस वर्षांचा, कोवळा.

परवाचं गाणं.

"बघ!" मॉरीन म्हणाली.

त्याच्या अंगावर काटा आला. पण टेप बंद करायचं मनातही आलं नाही. पुढे शेवटचं कडवं आहे का, एवढंच त्याला कळायला हवं होतं. त्याने घाईने पेन उघडलं.

कडवं आलं. किती सोपं होतं! त्याने ते अधाशासारखं उतरवून घेतलं.

गाण्यामागे किटली शिट्टी देत होती. मग आईचा आवाज आला. आईला जाऊन वीस वर्षं झाली होती.

"हेटी, बाबाला गाऊ दे गं. चल, चहा झालाय."

डंकनचं पेन थांबलं.

टेपमध्ये खुर्ची सरकली.

"आलेच, आजी."

पडलेल्या दाताच्या फटीतून 'च' जरा फुसका निघाला.